दवाई पी लिधी

नंदुरबार, ९ डिसेंबर २०२४

नवनीत,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

तुझ्या नव्या पुस्तकात मी खून केला आहे, हे मला पुण्याच्या एका बाईंकडून कळलं. शीलाताई त्यांचं नाव. त्या तुझं पुस्तक मराठीत आणताहेत. फोनवर म्हणाल्या, "निक डॅनर यांच्या भगिनी ना आपण?" मी म्हटलं, राँग नंबर. मग त्यांनी धानोऱ्याचं नाव घेतलं, आपल्या बापूंचं, नवल पाटलांचं घेतलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तू तिकडे रहस्यकथा लिहितोस, टीव्हीवर तुझी मालिका लागते, इतपत ऐकून होते. धानोऱ्याची शेपटी कापून तू डॅनर झालास, हे माहीत नव्हतं. पाटील तर पाटील, नवनीतही टाकून दिलास.

त्यांनी भाषांतराचा कच्चा खर्डा पाठवला आहे. संवादांतली अहिराणी तपासून द्यायची आहे. माझा पत्ता तूच दिलास म्हणे. म्हणजे हे मी वाचावं अशी तुझीच इच्छा दिसते. वाचलं.

तापीकाठचं गाव. मुलगा विलायतेत. तो घरी कागद पाठवतो की मी आता परत येणार नाही. बाप फवारणीची दवाई पिऊन मरतो. सगळं गाव म्हणतं, पोराच्या पायी जीव दिला. वीस वर्षांनी पोरगा परत येतो आणि शोधून काढतो की बाटली बापाच्या हातात देणारी त्याची थोरली बहीण होती. भावाच्या कौतुकानं जळणारी, शाळेत मराठी शिकवणारी, चालताना दम लागणारी.

मला खुनी केलंस, ठीक आहे. जाडी कशाला केलंस?

आपले वडील लिव्हरच्या दुखण्यानं गेले. पोटात पाणी झालं होतं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा हे तू गोष्टीसाठी फिरवलंस असं मी धरून चालते. पण बहिणीचं काय? धानोऱ्यात हे पुस्तक वाचणारे चार लोक तरी निघतील, आणि ते उरलेल्यांना सांगतील. मी तीस वर्षं याच जिल्ह्यात मुलांना शिकवते आहे. माझं नाव एवढंच माझं आहे.

मला एकच उत्तर हवं आहे. हे तू सोयीसाठी लिहिलंस, की तुला तसं वाटतं?

आई माझ्याकडेच असते. एक्याऐंशीची झाली. तुझं लग्न, तुझा तिकडचा पासपोर्ट, सगळं तिनं गिळलं. बापाच्या मागे तू आला नाहीस, हे मात्र तिच्या घशाखाली उतरत नाही. "कव्हय येशी?" हा तिचा प्रश्न तू दिवाळीच्या फोनवर दरवर्षी ऐकतोस आणि दरवर्षी तिथल्या थंडीबद्दल बोलतोस.

राग उतरला नाही. आशीर्वाद राहिले.

रंजिता


नंदुरबार, ५ जानेवारी २०२५

नवनीत,

तुझं उत्तर शीलाताईंमार्फत पोचलं. "गोष्ट आहे, ताई. गोष्टीत कोणीतरी गुन्हेगार लागतो. आपले शब्द तेवढे बघून दे." एवढी जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला बहिणीसाठी तीन वाक्यं पुरली.

मग मी तुझी बाकीची पुस्तकं मागवली. नाताळची सुट्टी होतीच. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. बाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या, वारा फिरला की शिंका, आणि आत तुझी प्रेतं. आईनं विचारलं, "काय वाची ऱ्हायनी इतलं?" मी म्हटलं, शाळेचं आहे. तू हे लिहितोस एवढं तिला माहीत आहे, काय लिहितोस ते नाही.

तुझं आयुष्य मला मलपृष्ठावरून कळलं. जन्म भारतात. बी. फार्म. लेस्टरला एका केमिस्टच्या दुकानात नोकरी. पहिल्याच कादंबरीला बक्षीस, मग नोकरी सोडली, मग मालिका. विषांचं इतकं अचूक ज्ञान इतर कोणत्याही ब्रिटिश लेखकाकडे नाही, असं कोणा वर्तमानपत्रानं म्हटलं आहे. लेखक पत्नी हेलन आणि दोन मांजरांसह राहतात. मांजरांची नावंसुद्धा दिली आहेत. आईचा उल्लेख नाही.

तरी खरं सांगते, तू चांगला लिहितोस. मला हे कबूल करायला आवडत नाही. तुझी ती इन्स्पेक्टर पोलॉकबाई मला आवडली. गुडघे दुखतात, कोणाचं ऐकत नाही, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उठून जाते. मला आईचा भास झाला.

पण चौथ्या पुस्तकाशी मी थांबले. प्रत्येक पुस्तकात कोणीतरी विष पिऊन मेलेला असतो आणि सगळे म्हणतात, यानं जीव दिला. पोलॉकबाई म्हणते, नाही. मग ती पानंच्या पानं दारोदार हिंडते आणि शेवटी दुसराच कोणी गुन्हेगार काढते. बायको, डॉक्टर, शेजारी, भागीदार. आता बहीण. नवनीत, तू एकाच माणसाला पुन्हा पुन्हा का मारतोस? आणि त्यानं स्वतःहून जीव दिला नाही हे पुन्हा पुन्हा कोणाला पटवून देतोस?

तुझी एक मुलाखत सापडली. त्यात तू म्हणतोस, माझ्या वडिलांच्या मृत्यूनं मला लेखक केलं. बाप लिव्हरनं गेला तर माणूस रहस्यकथा लिहायला कशाला बसेल? मी त्याच्यावर बराच विचार केला. काही कळलं नाही.

खर्डा अर्धा तपासून झाला आहे. तुझी अहिराणी गंजली आहे. "मी करी ऱ्हायना" असं बाईच्या तोंडी घातलं आहेस, तिथे "ऱ्हायनी" हवं. विलायतेत बाया-माणसं एकच क्रियापद वापरतात, आपल्याकडे नाही.

ताई


नंदुरबार, १९ जानेवारी

नवनीत,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून जाऊ नकोस.

काल मी तुझ्या पुस्तकातल्या त्या फोनच्या प्रसंगाशी आले. आई गावातून फोन करते, एक वाक्य बोलते आणि लाइन कटते. शीलाताईंनी ते वाक्य "तुझ्या वडिलांनी औषध घेतलं" असं केलं आहे. त्याखाली तुझी सूचना आहे की इथे औषध म्हणजे विष, भाषांतर चुकलं आहे, मूळ अहिराणी वाक्य बहिणीला विचारा.

मी पेन घेतलं आणि लिहिलं: "तुन्हा बापनी दवाई पी लिधी."

कानाला बरोबर लागतं का म्हणून मोठ्यानं म्हटलं. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, "कोनी पिधी?" तिचा आवाज आला आणि मी पेन खाली ठेवलं. हे वाक्य तू रचलेलं नाहीस. हे तिचंच आहे. ती हे बोलली तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते.

आता ऐक. फेब्रुवारी २००३. डॉक्टरांनी बापूंना लिव्हरची पातळ दवाई दिली होती, मोठी तपकिरी बाटली. कडूजहर. आठवडाभर त्यांनी तिला हात लावला नाही. आईनं विनवण्या केल्या, मी रागावले, काकांचा दिनेश त्यांच्या पाया पडला. ढिम्म. त्या दुपारी तुझा कागद आला. तो मी त्यांना वाचून दाखवला. त्यानंतर त्यांनी स्वतःहून बाटली मागितली आणि मी ओतून दिलेला पेला एका दमात संपवला. आईला इतका आनंद झाला की तिनं चप्पल घातली नाही. तशीच माणकचंदशेठच्या दुकानात गेली, तिथेच एसटीडी होता. मी मागोमाग. तुझा नंबर मी फिरवला. आई हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. ती ओरडली, "तुन्हा बापनी दवाई पी लिधी! ताईना हातनी पिधी!" आणि लाइन कटली. परत लागली नाही.

तू काय ऐकलंस ते मला काल कळलं.

आपल्याकडे फवारणीला काय म्हणतात? दवाई. कुणाचं दुखणं न सांगता कोणी म्हणालं, अमक्यानं दवाई पिधी, तर आपण काय करतो? गाडी काढतो आणि दवाखान्याकडे पळतो. हे वाक्य इंग्रजानं ऐकलं असतं तर तो म्हणाला असता, बरं झालं, आता आराम पडेल. पुण्याच्या शीलाताईंनी तर न सांगता बरोबर भाषांतर केलं. ऐकण्यात चुकला तो फक्त धानोऱ्याच्या शेतात वाढलेला पोरगा. त्यातून फोन माणकचंदशेठच्या दुकानातला. मागे फवारणीच्या डब्यांची थप्पी असायची, ती तुझ्या डोळ्यापुढे आली असेल. आईचं रडणं ऐकलंस. हसणं ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी बापू गेले. दुखणं फार पुढे गेलं होतं. दिनेशनं तुला फोन केला. काल संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, तू तेव्हा नक्की काय बोललास? त्याला आठवत होतं. तू विचारलंस, "दवाई?" आणि तो म्हणाला, "हा, दवाई पिधी व्हती, पन उपेग नही व्हयना." बिचारा सरळ माणूस. सरळ उत्तर दिलं.

पुढच्या वर्षी तुझा फोन आला तेव्हा मी बापूंचं नाव काढलं. तू म्हणालास, "मला सगळं माहीत आहे, ताई. तो विषय पुन्हा काढू नकोस." मला वाटलं, साहेब झाला, याला बाप नको आहे. मी रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि त्यानंतर तुझ्याशी बोलले नाही.

म्हणजे तू खरंच मानत होतास. तुझ्या कागदामुळे बापानं जीव दिला आणि ती बाटली मी हातात दिली. एवढी वर्षं. मला काल आधी राग आला. इतका की तुझी पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली. नंतर रडू आलं. दर दिवाळीला आईला तू विचारायचास, "ताई बरी शे ना?" जिनं बापाला विष पाजलं असं तुला वाटत होतं, तिची खुशाली विचारायचास. मी त्या वाक्याशी अडून बसले आहे. दुसरा कोणी भाऊ असता तर त्यानं विचारलं नसतं.

रंजिताताई


नंदुरबार, २ फेब्रुवारी

नवनीत,

तुझं उत्तर नाही. शीलाताई म्हणाल्या, लेखकानं काम थांबवायला सांगितलं आहे, कारण दिलं नाही. म्हणजे पत्र पोचलं.

तुझी पोलॉकबाई तोंडी जबानीवर विश्वास ठेवत नाही, साक्षीदार मागते. म्हणून रविवारी धानोऱ्याला जाऊन आले. माणकचंदशेठ वारले. त्यांच्या पत्नी हुलासबाई आहेत. दुकान आता मुलगा जिनेश बघतो. त्या गादीवर बसून असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या आजोबाचं नाव सांगतात. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात आता बियाण्यांच्या पिशव्या भरल्या आहेत.

मी फक्त एवढंच विचारलं, "बापू गेले त्याच्या दोन दिवस आधी आई इथे फोन करायला आली होती, आठवतं का?"

"ल्यो, असं कसं नाही आठवणार," त्या म्हणाल्या. "बिनाचपलेची आली भिकुबाई. फोन झाला की माझ्याकडे शक्कर मागितली. ओंजळभर घेतली आणि दुकानात जे गिऱ्हाईक होते त्यांच्या हातावर ठेवली. मी बोलली, काय झालं, पोऱ्या येतो का? तर बोलली, येत नाही, पण त्याचा बाप दवाई प्यायला. आम्ही खूप हसलो. दोन दिवसांत तो माणूस गेला ना, मग मला फार वाईट वाटलं. मी हसली होती म्हणून."

हे तिचे शब्द. मी काही पढवलेलं नाही. नवरा विष प्यायला असता तर कोणती बाई साखर वाटते? पोलॉकबाईंना विचार. तुझ्या.

एक गोष्ट मात्र मला जमत नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही. वाक्य तिचं होतं. चांगली बातमी म्हणून अनवाणी धावत जाऊन दिलेलं. त्या वाक्यानं पोरगा गमावला असं तिला या वयात कळलं, तर ती उरलेलं आयुष्य त्याच एका वाक्याशी भांडत बसेल. आणि नाही सांगितलं, तर तू बापाच्या मागे आला नाहीस कारण तुला त्याची किंमत नव्हती, हे मनात ठेवून ती जाईल. दोन्हीतलं काय कमी वाईट? रहस्यकथा लिहिणाऱ्याला याचं उत्तर येतं का?

पुस्तक थांबवू नकोस. तुझं पोट त्याच्यावर आहे आणि शीलाताईंचे सहा महिने त्यात गेले आहेत. मला खुनी राहू दे. मी बघून घेईन. फक्त तो दम लागणं काढ.

ताई


नंदुरबार, २१ फेब्रुवारी

नवनीत,

तुझी मेल परवा आली. त्यात मराठीत एकच ओळ होती. "ताई, त्यांनी कागद ऐकून काय म्हटलं?"

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मला ती कुठे ठेवायची ते कळलं नसतं.

सांगते. गोड करून सांगणार नाही.

कागदात दोन गोष्टी होत्या. एक, तू लिहिलं होतंस की मी आता इकडेच राहणार, माझी वाट बघू नका. दुसरं, एका इंग्रजी मासिकातलं कात्रण, तुझी पहिली छापलेली गोष्ट. पहिला भाग वाचला तेव्हा बापू भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना लागलं. ते लागलं नाही असं मी लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

मग मी कात्रण उघडलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणाले, "याम्हा नवनीतनं कोनतं शे?" यातलं नवनीतचं कोणतं. मी म्हटलं, सगळंच. त्यांना पटेना. "इतलं सगळं?" मी वर तुझं नाव दाखवलं. नवनीत नवल पाटील, तीन शब्द, ठळक छापलेले. बापूंनी त्यातल्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे मन्हं नाव शे का? मी हो म्हटलं. ते हसले, नवनीत. त्या सुजलेल्या तोंडानं हसले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याले तठेच. नाव तं काढं." तिथेच राहू दे त्याला, नाव तर काढलं. आणि मग म्हणाले, "आन ती बाटली. अजून एखादी गोष्ट दखानी शे माले."

अजून एखादी गोष्ट पाहायची होती, म्हणून ते प्यायले.

त्यानंतर तू नवनीत नवल पाटील हे नाव कुठे छापलं नाहीस. मी सगळी पुस्तकं चाळली. आतल्या पानांवरसुद्धा नाही. का नाही ते आता मला समजतं.

आणि आईला मी काल सांगितलं. मला ते पोटात ठेवणं जमलं नाही. ती अंगणात बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. मी शेजारी बसले, मीही खुडायला लागले, आणि सगळं सांगितलं. फोन, दवाई, दिनेश, पुस्तक, पुस्तकातली मी. एकही गोष्ट गाळली नाही. मला वाटलं होतं, ती कपाळ बडवून घेईल, स्वतःला शिव्या देईल. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता.

तिचे हात थांबले. तिनं हातातली मिरची बाजूला ठेवली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

"मंग तो इतला वरीस तठे एखलाच रडना का?"

मी म्हटलं, एकटाच रडला का, माले माहीत नही, माय. तो येईल तेव्हा त्यालाच विचार.

तुला आशीर्वाद.

ताई